सोळातला एक की चारातला एक? वडोदऱ्यातील झेब्रामाशांच्या एका टाकीचे प्रकरण

वडोदऱ्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने सूक्ष्मदर्शकाखालची काचेची बशी माझ्याकडे सरकवली आणि विचारले, "मॅडम, यातल्या काही भ्रूणांच्या कानात दोनऐवजी एकच खडा का दिसतो आहे?" प्रात्यक्षिकाचा विषय साधा होता. झेब्रामाशाच्या भ्रूणाची पहिल्या दोन दिवसांतली वाढ पाहायची, तिची चित्रे काढायची आणि अंतर्कर्ण कोणत्या तासाला कसा दिसतो याची नोंद करायची, एवढेच अपेक्षित होते. त्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागले. त्या वर्षात आमची एक चूक रजिस्टरमध्ये शाईने लिहिली गेली आणि नंतर तिच्यावर रेघ मारावी लागली. जनुकशास्त्र शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या मराठी वाचकांना ही चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही उपयोगी पडतील, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

झेब्रामासा आपल्याच भूभागातला आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचे वर्णन करताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. प्रयोगशाळेत त्याला प्रतिष्ठा मिळाली ती बरीच उशिरा, अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामानंतर. अंतर्कर्णाचा अभ्यास करणाऱ्याला हा मासा इतका सोयीचा का, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की वेगळे सांगावे लागत नाही. उंदराच्या किंवा माणसाच्या भ्रूणाचा कान मातेच्या उदरात आणि पुढे कवटीच्या सर्वांत कठीण हाडात दडलेला असतो. झेब्रामाशाचे अंडे मात्र शरीराबाहेर फळते, त्याचे भ्रूण काचेसारखे पारदर्शक असते, आणि चोवीस तासांच्या भ्रूणाच्या डोळ्यामागे एक लांबट, स्वच्छ पुटी आणि तिच्या दोन टोकांना दोन चमकदार ठिपके साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. ती पुटी म्हणजे होऊ घातलेला अंतर्कर्ण आणि ते ठिपके म्हणजे कर्णाश्म. आमच्या प्रयोगशाळेत मराठी मुले त्यांना खडे म्हणतात आणि गुजराती मुले कांकरी. या लेखात मीही खडा हाच शब्द वापरणार आहे, कारण वर्षभर आमच्या तोंडी तोच होता.

हा कान घडतो कसा, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. भ्रूणाच्या पश्चमस्तिष्कातून एफजीएफ ३ आणि एफजीएफ ८ ही दोन संकेत-प्रथिने स्रवतात आणि शेजारच्या त्वचापेशींना कान होण्याची सूचना देतात. ही दोन्ही प्रथिने एकदमच काढून घेतली, तर कान जवळजवळ घडतच नाही. सूचना मिळालेल्या पेशींची साधारण सोळाव्या तासाला एक जाड पट्टी दिसू लागते, आणि पुढच्या दोन-तीन तासांत तिच्या आत पोकळी तयार होऊन पुटी बनते. पुटीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला काही पेशी इतरांच्या आधी केशपेशी, म्हणजे ध्वनी आणि तोल जाणणाऱ्या केसाळ पेशी, होतात. त्यांना बांधणाऱ्या पेशी म्हणता येईल, कारण पुटीतल्या द्रवात तरंगणारे सूक्ष्म कण त्यांच्या लांब केसांच्या टोकांना चिकटतात आणि खड्याचा पाया तिथे पडतो. अठराव्या ते चोविसाव्या तासापर्यंतचा हा काळ निर्णायक असतो. पुढे त्या पायावर कॅल्शियम कार्बोनेटचे थर चढत जातात. पुढचा खडा तोल सांभाळतो, तर मागचा मुख्यतः ध्वनीसाठी उपयोगी पडतो. तिसरा खडा येतो तो दहा-बारा दिवसांनंतर. माशाच्या कानात आपल्यासारखी शंखाकृती कॉक्लिया नसते, ही मर्यादा विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगावी असे माझे मत आहे. परंतु केशपेशी तीच, तिला चालवणारी अनेक जनुके तीच, आणि अर्धवर्तुळाकार नलिकाही त्याच तीन. २०१३ मध्ये झेब्रामाशाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा मानवी जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात निदान एक तरी समकक्ष जनुक आहे, हे स्पष्ट झाले.

आता प्रकरणाकडे वळते. त्या दिवशी बशीत ४१२ जिवंत भ्रूणे होती आणि त्यांपैकी २७ भ्रूणांत, दोन्ही बाजूंच्या कानांत, एकेकच खडा होता. काही भ्रूणे नुसती मागे पडलेली असतील, या शंकेने आम्ही तीच भ्रूणे अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा पाहिली, पण संख्या बदलली नाही. शेकडा साडेसहा हे प्रमाण पाहून मी लगेच निष्कर्षावर आले, आणि तेच चुकले. आदल्या रात्री लाइट गेली होती, तापमान स्थिर ठेवणारा बीओडी इन्क्युबेटर जवळपास तीन तास बंद होता, आणि झेब्रामाशाच्या भ्रूणांना लागणाऱ्या २८.५ अंशांऐवजी खोलीतल्या उकाड्यात ती राहिली होती. थोड्याच भ्रूणांना दोष, आदल्या रात्री उष्णता, आणि दोष नेमका त्या रात्री घडणाऱ्या अवयवात. एवढा पुरावा मला पुरेसा वाटला.

विद्यार्थिनीने पुढच्या आठवड्यात प्रयोगही केला. टाकीतून गोळा केलेली अंडी दोन भागांत वाटून ९० अंडी २८.५ अंशांवर आणि ९० अंडी ३२ अंशांवर ठेवली. पहिल्या भागात पाच आणि दुसऱ्यात आठ भ्रूणे एका खड्याची निघाली. "उष्णतेने कर्णाश्माचा दोष वाढतो" हे वाक्य तिने माझ्याच सांगण्यावरून रजिस्टरमध्ये लिहिले. नव्वदात पाच आणि नव्वदात आठ यांतला फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडू शकतो, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. तरीही जे कारण आधीच मनात धरून बसले होते त्याला तो फरक अनुकूल दिसला, म्हणून मी तो मान्य केला.

पाण्याचीही शंका घेऊन झाली. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना घातक असतो, म्हणून एक बशी दोन दिवस उघडे ठेवलेल्या नळाच्या पाण्यावर आणि दुसरी आरओच्या पाण्यात मोजून क्षार घालून केलेल्या द्रावणावर वाढवली. दोन्हीकडे दोष सारखाच दिसला, तेव्हा पाण्याचा विषय तिथेच संपला.

प्रकरणाला वळण लागले ते एका वेगळ्याच गोष्टीने. जूनमध्ये पाऊस झाला, हवा उतरली, लाइट व्यवस्थित राहिली, इन्क्युबेटर एकदाही बंद पडला नाही, आणि तरीही शंभरात सहाच्या आसपास भ्रूणे एका खड्याची निघत राहिली. तेव्हा विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे मासे आपल्याकडे आले कुठून?" प्रयोगशाळेत काम करणाऱ्या काकांनी सांगितले की मूळचे बारा मासे गावातल्या शोभेच्या माशांच्या दुकानातून आणले होते, त्यांतले बहुतेक पहिल्याच उन्हाळ्यात गेले, आणि सध्या टाकीत जे चाळीसेक मासे आहेत ते सगळे एकाच जोडीची पिल्ले आहेत. म्हणजे ज्यांची अंडी आम्ही गोळा करत होतो ते सर्व एकमेकांचे सख्खे भाऊ-बहीण होते, आणि सगळ्यांची अंडी एकाच जाळीखाली एकत्र जमा होत होती.

हे ऐकल्यावर शेकडा साडेसहा या आकड्याकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. आजी-आजोबांच्या त्या मूळ जोडीपैकी एकाच माशात एक सदोष अप्रभावी जनुक (दोन्ही प्रती सदोष असतील तरच दोष दाखवणारे) असेल आणि दुसरा मासा पूर्ण निर्दोष असेल, तर त्यांच्या पिल्लांपैकी निम्मी पिल्ले वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेली, निघतील आणि दिसायला सगळी निरोगी असतील. अशा भावंडांमधून एक नर आणि एक मादी सहज उचलली, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता अर्धी गुणिले अर्धी, म्हणजे चारात एक. दोघेही वाहक असतील, तर त्यांच्या पिल्लांपैकी पुन्हा चारात एक सदोष. दोन्ही मिळून सोळात एक, म्हणजे शेकडा सव्वासहा. मी ज्याला अपघाताचे प्रमाण समजत होते, ते मेंडेलच्या नियमाचेच प्रमाण होते. फरक एवढाच, की सगळ्या जोड्यांची अंडी एकत्र केल्यामुळे चौथा हिस्सा विरळ होऊन सोळावा झाला होता.

परीक्षा सोपी होती. संध्याकाळी एक नर आणि एक मादी जाळीच्या तळाच्या छोट्या डब्यात मध्ये काच घालून ठेवायची, सकाळी दिवे लागल्यावर काच काढायची, आणि प्रत्येक जोडीची अंडी वेगळ्या बशीत घेऊन तिच्यावर जोडीचा क्रमांक टाकायचा. चौदा जोड्या लावल्या. त्यांतल्या अकरा जोड्यांनी अंडी दिली. आठ जोड्यांच्या बशांत एका खड्याचे एकही भ्रूण नव्हते. उरलेल्या तीन जोड्यांच्या बशांत अनुक्रमे १४८ पैकी ३५, ९६ पैकी २६ आणि १२१ पैकी २८ भ्रूणे एका खड्याची होती. म्हणजे एकूण ३६५ पैकी ८९; चौथा हिस्सा काढला तर सव्वाएक्क्याण्णव येतात. अकरा जोड्यांत अशा जोड्या पावणेतीन अपेक्षित होत्या आणि तीन मिळाल्या. मधले प्रमाण कुठेच नव्हते. कोणत्याही बशीत शंभरात सहा सदोष नव्हते. एकतर पाव भाग होता, नाहीतर शून्य. जे प्रमाण आम्ही महिनाभर लिहीत होतो ते प्रत्यक्षात कोणत्याच कुटुंबाचे नव्हते.

उष्णतेचा प्रयोगही आता नीट करता आला. पहिल्या वाहक जोडीकडून पुन्हा अंडी घेऊन एकाच बशीचे दोन भाग केले आणि ते २८.५ व ३२ अंशांवर ठेवले. पहिल्यात ६२ पैकी १६ आणि दुसऱ्यात ५८ पैकी १४ भ्रूणे एका खड्याची निघाली, म्हणजे निदान ३२ अंशांपर्यंत तरी उष्णतेचा संबंध नव्हता. इथे एक तांत्रिक सूचना करणे मला गरजेचे वाटते, कारण आमचे पहिले निरीक्षण यामुळेही डळमळीत होते. तापमान वाढले की भ्रूण लवकर वाढते. किमेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलेल्या सूत्राप्रमाणे तापमानाला ०.०५५ ने गुणून त्यातून ०.५७ वजा केले, की २८.५ अंशांच्या तुलनेत वाढीचा वेग मिळतो. ३२ अंशांना तो साधारण १.१९ येतो, म्हणजे चोवीस तासांची अवस्था तिथे वीस तासांतच येते. घड्याळाचा तास सारखा धरून दोन तापमानांची भ्रूणे शेजारी ठेवली, तर आपण दोन वेगवेगळ्या वयांची तुलना करत असतो. तुलना अवस्थेची करावी, तासांची नव्हे. रजिस्टरमधल्या त्या वाक्यावर विद्यार्थिनीने लाल रेघ मारली, शेजारी कारण लिहिले आणि माझी सही घेतली. पान फाडले नाही.

आता पुढचा प्रश्न होता की बिघाड कोणत्या जनुकात आहे. आमच्याकडे जनुकवाचनाची सोय नाही, त्यामुळे उत्तर जितके डोळ्यांनी देता येईल तितकेच द्यायचे ठरले. या माशाच्या कानातल्या बिघाडांचा पहिला मोठा संग्रह १९९६ च्या डिसेंबरमध्ये जगापुढे आला, जेव्हा जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे क्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड यांच्या आणि बॉस्टन येथे वोल्फगांग ड्रीव्हर यांच्या प्रयोगशाळांनी रसायनाने उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांत बदल, घडवून हजारो माशांच्या कुळांची केलेली तपासणी एकत्र प्रसिद्ध झाली. त्या संग्रहातली नावे आजही प्रचलित आहेत. डॉग-इअर्ड या उत्परिवर्तनात बिघडलेले ईवायए १ हे जनुक माणसात बिघडले की कान, मान आणि मूत्रपिंड यांचे जन्मजात दोष एकत्र दिसतात. आइनस्टाइन हे नाव शास्त्रज्ञावरून पडले असे वाटते, पण जर्मन भाषेत त्या शब्दांचा अर्थ एक दगड असा होतो. त्या माशात ओटोजेलिन नावाच्या प्रथिनाचे जनुक बिघडलेले असल्याचे २०१५ मध्ये सिद्ध झाले, आणि माणसात त्याच जनुकाच्या बिघाडाने बहिरेपण व तोलाचा दोष येतो. आमचे भ्रूणही एका खड्याचे, म्हणून विद्यार्थिनीला पहिल्यांदा हेच नाव आठवले. परंतु आइनस्टाइनमध्ये कण बांधणाऱ्या पेशींना चिकटतच नाहीत, तर आमच्या भ्रूणांत मागचा खडा त्याच्या नेमक्या जागी घट्ट बसलेला होता आणि फक्त पुढचा गैरहजर होता. हे चित्र मोनोलिथ या, ब्रूस रायली आणि डेव्हिड ग्रुनवाल्ड यांनी १९९६ मध्ये वर्णन केलेल्या उत्परिवर्तनाशी जुळत होते. जुळते म्हणजे तेच आहे असे मात्र नव्हे. खरी खात्री तेव्हाच होईल, जेव्हा आमचा वाहक आणि मोनोलिथचा वाहक यांची जोडी लावून त्यांच्या पिल्लांत एका खड्याची पिल्ले निघतात का हे पाहता येईल. निघाली तर जनुक एकच. सगळी निरोगी निघाली तर जनुके वेगळी. मोनोलिथचे मासे आमच्याकडे नाहीत, म्हणून ते नाव आम्ही रजिस्टरमध्ये लिहिले नाही.

पाचव्या दिवशी हा दोष सूक्ष्मदर्शकाशिवायही ओळखू येऊ लागला. निरोगी पिल्लांचा वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, फुगला होता आणि ती पाठ वर ठेवून स्थिर पोहत होती. एका खड्याची पिल्ले तळाशी कुशीवर पडून राहत. बशीला टिचकी मारली की ती दचकत, म्हणजे त्यांना ऐकू येत होते, पण दचकून सरळ जाण्याऐवजी ती गोल फिरत किंवा उलटी होत. ज्याला वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही, ते पिल्लू हवा गिळायला पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही, वाताशय फुगत नाही, आणि अंड्यातला पिवळा बलक संपला की ते उपाशी राहते. अशी पिल्ले प्राणी नैतिकता समितीच्या नियमांनुसार ट्रायकेन या भुलीच्या औषधाच्या जास्त मात्रेने शांतपणे संपवावी लागतात. ते काम विद्यार्थिनी स्वतः करत असे, काकांवर सोपवत नसे.

याच सुमारास तिने मला तिच्या मावसभावाबद्दल सांगितले, आणि तिच्या परवानगीने ते इथे लिहीत आहे. दांडिया बाजारातल्या त्यांच्या वाड्यात हा मुलगा जन्मापासून बहिरा. आई-वडील दोघांनाही व्यवस्थित ऐकू येते, दोन्हीकडच्या आजी-आजोबांनाही. त्यामुळे मावशीने पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही, भाजी चिरली, हेच कारण घरात वीस वर्षे चालत आले होते. दोन निरोगी वाहक माशांच्या बशीत प्रत्येक वेळी पाव भाग पिल्ले सदोष निघतात हे स्वतःच्या हाताने मोजल्यावर तिने मावशीला प्रयोगशाळेत आणले आणि दोन बशा दाखवल्या. आमच्या माशातला दोष तोलाचा आहे, बहिरेपणाचा नव्हे, आणि त्या मुलाच्या बहिरेपणाचे कारण तपासणीशिवाय कोणीही सांगू शकत नाही, हे मी मावशींना स्पष्ट सांगितले. पण भारतात आनुवंशिक बहिरेपणाचे सर्वांत नेहमी आढळणारे कारण असलेले जीजेबी २ हे जनुक अशाच अप्रभावी पद्धतीने उतरते, आई-वडील वाहक असूनही त्यांना पूर्ण ऐकू येते, आणि ग्रहणाचा या गणिताशी काही संबंध नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकत होते. मावशी बराच वेळ बशीत पाहत उभ्या होत्या. आपल्याकडे काही घरांत आते-मामे भावंडांची लग्ने होतात. रक्ताच्या नात्यात दोन्ही बाजूंनी एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते, हे भावंडांनी भरलेल्या आमच्या टाकीने सगळ्यांना न बोलता दाखवले होते.

प्रकरणाचा सर्वांत विलक्षण भाग यानंतरचा आहे. मोनोलिथवर पुढे झालेल्या अभ्यासात असे आढळले होते, की निर्णायक काळात भ्रूणाला अगारोज या जेलीसारख्या गोठणाऱ्या मऊ पदार्थात अशा स्थितीत बसवले की पुढच्या बांधणाऱ्या पेशी खालच्या बाजूला येतील, तर गुरुत्वाकर्षणाने कण त्यांच्यावर साचतात आणि जनुक सदोष असूनही पुढचा खडा तयार होतो. असा खडा मिळालेली पिल्ले तोल सांभाळतात आणि जगतात. माणसाच्या कानातले याच स्वरूपाचे कण जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की चक्कर येते, आणि डॉक्टर रुग्णाचे डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागी आणतात. उपाय दोन्हीकडे गुरुत्वाकर्षणाचाच आहे. आमच्या माशांतही तसे घडते का हे पाहायचे होते. तसे घडले, तर जनुक बिघडल्यावर नेमके काय हरवते याबद्दलही काही कळणार होते, कारण कण आणि बांधणाऱ्या पेशी दोन्ही शाबूत असल्याशिवाय गुरुत्वाकर्षणाचा उपयोग झाला नसता.

अडचण वेळेची होती. सकाळी नऊला फळलेले अंडे २८.५ अंशांवर रात्री तीन वाजता अठराव्या तासाला येते, आणि त्या वेळी विद्यार्थिनीने प्रयोगशाळेत थांबावे हे मला मान्य नव्हते. तेव्हा आम्ही तेच सूत्र उलटे वापरले. २५ अंशांना वाढीचा वेग सुमारे ०.८ होतो, म्हणून त्या तापमानावर अठरा तासांची अवस्था दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास येते आणि चोवीस तासांची दुपारी तीनच्या आसपास. निर्णायक काळ पूर्णपणे दिवसाच्या कामात बसला. सकाळी सातला बारीक चिमट्याने अंड्यांची कवचे सोडवायची, कोमट अगारोजच्या थेंबात प्रत्येक भ्रूण सुईच्या टोकाने डोके खाली करून उभे धरायचे, थेंब गोठेपर्यंत हात हलू द्यायचा नाही, आणि दुपारनंतर ते हळूच मोकळे करायचे. हे कौशल्याचे काम आहे. पहिल्या दोन वेळी निम्मी भ्रूणे अगारोज जास्त गरम असल्याने मेली. तिसऱ्या वेळी, तिसऱ्या वाहक जोडीच्या अंड्यांपैकी ८० मोकळी ठेवली आणि ७२ अगारोजमध्ये बसवली, त्यांतली ६६ जगली. मोकळ्या भ्रूणांत १९ एका खड्याची निघाली. अगारोजमधल्या ६६ पैकी फक्त तीन.

निकाल आनंदाचा होता, पण त्यात एक त्रुटी होती, आणि ती विद्यार्थिनीने माझ्या आधी ओळखली. अगारोजमधल्या त्रेसष्ट दोन-खडी पिल्लांपैकी निरोगी कोणती आणि सदोष जनुक असूनही खडा मिळालेली कोणती, हे दिसण्यावरून ओळखता येत नव्हते. गणिताप्रमाणे अशी साधारण तेरा पिल्ले असायला हवी होती, पण त्या एका गटात सदोष भ्रूणे मुळातच कमी होती असेही कोणी म्हणू शकले असते. जनुक वाचण्याची सोय नसताना याचे उत्तर एकच होते, ते म्हणजे मासे मोठे होऊ द्यायचे आणि त्यांची पिल्ले मोजायची. माहीत असलेल्या वाहकाशी जोडी लावली, तर निर्दोष मासा एका खड्याचे एकही पिल्लू देणार नाही, वाहक मासा पाव भाग देईल, आणि ज्याच्या दोन्ही प्रती सदोष आहेत तो निम्मी देईल.

झेब्रामासा प्रौढ व्हायला तीन महिने लागतात. पावसाळा गेला, नवरात्र आले, गरब्याच्या रात्रींमुळे सकाळच्या तासाला अर्धा वर्ग रिकामा राहू लागला, पण आर्टेमिया हे कोळंबीसारखे सूक्ष्म जीव उबवून दिवसातून दोनदा माशांना घालण्याचे काम तिने एकही दिवस चुकवले नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये चोवीस माशांची एकेक करून परीक्षा झाली. सात माशांनी एकही सदोष पिल्लू दिले नाही. बारा माशांच्या बशांत पाव भाग सदोष होता. पाच माशांच्या बशांत निम्मा भाग, अगदी स्वच्छ निम्मा. हे पाचही मासे टाकीत इतरांसारखेच पाठ वर करून पोहत होते. त्यांच्या प्रत्येक पेशीत तो बिघाड होता आणि त्यांचे आयुष्य एका दिवसातल्या सात-आठ तासांच्या डोके खाली ठेवलेल्या स्थितीने बदलले होते.

जानेवारीत त्या पाचांपैकी एक नर आणि एक मादी यांची जोडी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत ७४ भ्रूणे होती. त्यांतल्या ७१ भ्रूणांच्या कानात मागच्या टोकाला एकेकच खडा होता. उरलेल्या तीन भ्रूणांत पुढच्या टोकाला अगदी बारीक, मोहरीच्या कणाहूनही लहान भासणारा दुसरा खडा दिसत होता. ती तिघे अंड्याच्या कवचात रात्रभर योगायोगाने डोके खाली करून राहिली असावीत, असा विद्यार्थिनीचा तर्क आहे. तो तपासण्यासाठी पुढच्या अंड्यांवर रात्रभर कॅमेरा लावण्याची व्यवस्था तिने करून ठेवली आहे, आणि इन्क्युबेटरसाठी इन्व्हर्टरही आला आहे.